आरशातलीला दिलेलं मत

४ मार्च, सोमवार

आज धुलाईखान्यात चादरी राहिल्या बाजूला, चर्चा त्या मेलेल्या बाईचीच! साडेसातची मालिका. नायकाची पहिली बायको मरून सात वर्षं झालीत. त्याने शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंशी दुसरं लग्न केलंय. आणि आता पहिली वरच्या खोलीतल्या आरशातून परत आली आहे. दिसते फक्त त्याला. मग त्याने कुणाकडे जावं? — यावर अख्ख्या हॉस्पिटलचे मळके कपडे तसेच पडून.

मावशी माझ्यासमोर चादरीची दोन टोकं धरून उभी होती. वीस वर्षं आम्ही जोडीने घड्या घालतोय. टोकं जुळवायची, समोरासमोर चालत यायचं, आपली टोकं दुसऱ्याच्या हातात द्यायची. मावशी म्हणाली, "जिवंत बायको तापाने फणफणलीय आणि हा आरशाशी गुलूगुलू बोलत बसलाय. मुस्कटात द्यायला पाहिजे मेल्याच्या!"

गाडीवाला गाठोडी उतरवत होता. "मावशी, पहिलं प्रेम ते पहिलं प्रेम."

"तुला रे काय ठाऊक? तुझं दुसरं सोड, पहिलंच जमेना अजून!"

सगळे हसले. मग मावशी माझ्याकडे वळली. "तुम्ही सांगा. तुम्हाला अनुभव आहे."

हसू तिथेच थांबलं. माझ्या हातून चादरीचं टोक सुटलं. चादर पुन्हा धुवायला गेली.

६ मार्च

माझी पहिली गेली त्याला अकरा वर्षं झाली. ही घरात आली त्याला आठ. मुलगी तेव्हा अकराची होती, आता एकोणीस.

पहिलीचा फोटो देवाच्या फळीशेजारी आहे. सकाळी प्रार्थना झाली की नजर तिकडे जातेच. दोन शब्द बोलतो, मनातल्या मनात. यात वाईट काय? ही तो फोटो रोज पुसते. मी कधी सांगितलं नव्हतं. कधी विचारलंही नाही.

७ मार्च

घरीही तोच वाद. मुलगी म्हणाली, "माई, तिला परत जा म्हणणं म्हणजे बिचारीला दुसऱ्यांदा मारणं!"

ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मेलेल्या बाईला काय गं! ना भांडी घासायची, ना म्हातारं व्हायचं. सात वर्षं आरशात बसलीय, पण केसाची एक बट हललेली नाही."

मुलगी खो खो हसली. मीही हसलो. ही नाही हसली. "अहो, तुम्ही काय म्हणता?"

"मालिका आहे ती. बनवणाऱ्यांना विचार."

"त्यांना नाही. तुम्हाला विचारतेय."

उठून पाणी प्यायला गेलो. तहान नव्हती.

१० मार्च, रविवार

शेवट म्हणे प्रेक्षकांच्या मतांवर ठरणार! एका फोनवरून एक मत. बावीस तारखेला निकाल आणि शेवटचा भाग. बटण दाबून कुणाचा संसार मोडायचा ते ठरवा. धन्य आहे!

संध्याकाळी माझ्या फोनवर संदेश — 'आपले मत पहिल्या पत्नीच्या नावे नोंदवले आहे. आभार.'

मी तर दिलंच नाही! फोन टीव्हीशेजारी पडलेला असतो. त्याला कुलूप नाही. लपवण्यासारखं आहे काय माझ्याकडे? मुलीनेच दिलं असणार. पोरीने आईची बाजू घेतली. रागावणार होतो. रागावता आलं नाही. फोन होता तिथेच ठेवून दिला.

११ मार्च

मुलगी क्लासला गेली होती. आम्ही दोघंच जेवत होतो. ही म्हणाली, "तुमच्या फोनवर दिसलं. आरशातलीला दिलंत मत."

'मी नाही दिलं.' एवढंच म्हणायचं होतं. ओठांवर आलं होतं. पण मग कुणी दिलं, ते निघालं असतं. हिचं आणि पोरीचं आत्ता कुठे जमायला लागलंय. घास गिळला, गप्प राहिलो.

"बरं," म्हणाली, आणि ताट उचलून आत गेली.

१२ मार्च

इथे तरी खरं लिहू. पोरीसाठी गप्प बसलो हे अर्धंच खरं. मीच मत द्यायला बसलो असतो, तर कुणाला दिलं असतं? माहीत नाही.

नाही — माहीत आहे. आरशातलीलाच. ती काही विचारत नाही, म्हणून.

गावच्या शाळेत गुरुजींनी हातावर छड्या मारून शिकवलं, खोटं बोलायचं नाही. तेवढं आजवर पाळलं. गप्प बसण्याबद्दल गुरुजी काही बोललेच नाहीत. की मीच तेव्हा लक्ष दिलं नाही?

देवा, आज प्रार्थनेत मन नव्हतं. ओठ नुसते हलत होते.

१५ मार्च

फोटोवर धूळ. चार दिवस कुणी पुसलेला नाही. मीही नाही पुसला. फडकं कुठे ठेवते तेच ठाऊक नाही.

१९ मार्च

मावशीने विचारलं, "काय, तुमच्या घरी कोण जिंकतंय?"

"आमच्याकडे कुणी बघत नाही ती मालिका."

घ्या गुरुजी. हेही झालं.

घरी ही बोलते. "डबा भरलाय." "गॅस संपत आलाय." "येताना साबण आणा." मध्येच थांबते, तोंडाकडे बघते. मी म्हणतो, "हं." सांगायचं काय? आता फार दिवस झाले.

२२ मार्च, शुक्रवार

कामावरून आलो तर ही घरात नव्हती. दुपारीच भावाकडे गेली म्हणे, दोन पिशव्या घेऊन. उद्याचा माझा डबा घासून पुसून ओट्यावर ठेवलेला. रिकामा.

साडेसातला शेवटचा भाग लागला. नायक जिवंत बायकोकडे गेला. आरसा फुटला. लोकांनी लाखांनी मतं दिली म्हणे तिला! मुलगी उड्या मारत होती. मग माझ्याकडे बघून थांबली.

म्हणालो, "तू माझ्या फोनवरून पहिलीला मत दिलंस. त्यापायी माई गेली."

"मी?" तिचे डोळे विस्फारले. "बाबा, मी माझ्या फोनवरून दिलं, त्या शाळेतल्या बाईंना! पहिलीची बाजू घ्यायचे ती माईला चिडवायला. तुमच्या फोनला मी हात कशाला लावू?"

घरात माणसं तीनच.

२३ मार्च

हिला फोन केला. पहिल्यांदाच सरळ विचारलं.

"मीच दिलं होतं," म्हणाली. "तुम्ही 'मी नाही' म्हणाल, म्हणून अकरा दिवस वाट बघितली."