मोहोराच्या सिरक्याची निरवानिरव

मी, दानम्मा नागप्पा शेटे, वय एकाहत्तर, निवृत्त आरोग्यसेविका, राहणार धारूर, जि. बीड, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हात थरथरतो तो वयामुळे, कुणाच्या धाकामुळे नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर व बँकेतील ठेव माझी मुलगी ईश्वरी हिला. डोंगराकडची वीस गुंठे जमीन व तीवरील आंब्याची पाच झाडेही तिलाच. झाडे तोडू नयेत.

२. त्या झाडांचा गळलेला मोहोर शेजारीण भामाबाई हिने हयातभर गोळा करावा. तिला कुणी अडवू नये. कारण लिहिते.

माझी आई उसाच्या रसाचा सिरका घालायची. निवृत्तीनंतर एका माघात मी आंब्याखाली चादर अंथरली, तर सकाळपर्यंत ती फुलांनी पिवळी झाली. एवढ्या फुलांतून आंबे धरतात मूठभर, बाकी सगळे मातीत जाते. मी ती फुले गुळाच्या पाण्यात घातली, बरणीला फडके बांधले. दोन महिन्यांनी पाहिले तर वर जाड साय आणि खाली नितळ, आंबट, मधाच्या रंगाचा सिरका. वास अख्ख्या मोहोरलेल्या झाडाचा. माझे हात आपोआप जोडले गेले. छत्तीस वर्षे औषधे वाटली, पण असे काही घडताना पाहिले नव्हते.

मला साखरेचा आजार आहे. एक दिवस जेवणाआधी चमचाभर सिरका पेलाभर पाण्यातून घ्यायचा, एक दिवस नाही. भाकरी तीच, भाजी तीच. दोन तासांनी बोट टोचून आकडा वहीत. असे तीन महिने केले. सिरका घेतलेल्या दिवशी आकडा बहुधा कमीच. वही मांडीवर घेऊन मी बघत बसले. मातीत जाणारे फूल माझ्या रक्तापर्यंत पोचले होते!

माझ्या साखरेवर उपचार करणाऱ्या डॉ. ऋतुजा वही पाहून म्हणाल्या, "सिरक्याने जेवणानंतरची साखर थोडी कमी चढू शकते. मोहोरामुळे वेगळे काही होते का, ते कुणी नीट तपासलेले मला माहीत नाही. गोळी मात्र सोडू नका." मी सोडली नाही.

३. दीर अमरनाथ यास काहीही नाही. त्याने माझ्या सिरक्याच्या बाटल्या आपल्या दुकानात विकायला ठेवून, मला न विचारता, त्यांवर चिठ्ठी चिकटवली: "साखर मुळापासून बरी. गोळ्या बंद."

मेंढरे राखणाऱ्या भामाबाईलाही साखर आहे. तिने गोळ्या बंद केल्या. तिसऱ्या आठवड्यात साखर चढून ती रानात बेशुद्ध पडली. दवाखान्यात तिने डोळे उघडल्यावर मी विचारले, "गोळी का सोडलीस ग?"

"नातीनं चिठ्ठी वाचली. अन् तुमच्या हातचं हाय म्हनल्यावर मी कावून भ्यावं?"

त्यानंतर मी एकही बाटली दुकानात दिली नाही. अमरनाथ म्हणतो, "वहिनी, एका चिठ्ठीचं किती दिवस धरून बसणार?" मरेपर्यंत, असे येथे नोंदवते.

भामाबाई मात्र बरी होऊन पहिल्यांदा आली ती माझ्याच दारात. "आता गोळी बी घिते. पर तुमचा सिरका द्या, भाकरीसंगं लई ग्वाड लागतो." तिची नजर पूर्वीइतकीच निःशंक होती. सिरक्याचे मला जेवढे नवल वाटले, त्याहून जास्त त्या नजरेचे वाटले.

४. बरण्या व वही ईश्वरीला. बाटलीवर फक्त "मोहोराचा सिरका" एवढेच लिहावे. एक अक्षर जास्त नको.

जिला वाटा दिला तिला साक्षीदार करू नये म्हणतात, म्हणून भामाबाई बाहेर ओट्यावर बसून आहे. मघाशी दारातून डोकावून म्हणाली, "लिव्हा, लिव्हा. पर एवढी घाई कावून?"

धारूर, दि. ९ मार्च २०२५
(सही) दानम्मा नागप्पा शेटे

दानम्माबाईंनी आम्हा दोघांसमोर वाचून सही केली:
१. डॉ. ऋतुजा सोळंके
२. परमेश्वर तिडके, शेजारी