मामांना मोठ्या तळ्यात सोडू नकोस

तीर्थस्वरूप मामांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (तुम्ही पाठ फिरवून बसला असाल तर तो पाठीला पोचवावा.) प्रकृती कशी आहे? डोळ्यांना उजेडाची सवय पुन्हा झाली का? इकडे मी, ताई आणि तळ्यावरचा गडी पाणबुड्या तिघेही जिवंत आहोत. मी ताईच्या कृपेने, आणि ती कृपा संध्याकाळपर्यंत टिकेल की नाही ते सांगता येत नाही. तुम्ही निघाल्यापासून तुमचा फोन लागत नाही, माझा तर नाहीच नाही, म्हणून हे पत्र.

निघताना गाडीच्या खिडकीतून तुम्ही जे म्हणालात ते मला इंजिनाच्या आवाजात नीट ऐकू आले नाही. पाणबुड्याला ऐकू आले, पण तो सांगायला तयार नाही. तेव्हा अंदाजाने उत्तर देतो. मामा, मी तुम्हाला कोंडले नव्हते. मी आज्ञा पाळत होतो. उभा जन्म मी व्यासपीठावरून ओरडत आलो की आज्ञा पाळण्याआधी तिचा अर्थ विचारा. आणि जन्मात एकदा न विचारता पाळली तर हा प्रसंग! माझे म्हणणे यातून खरेच ठरते, पण हे ताईपुढे बोलायची सध्या सोय नाही.

ताईच्या कामाला तुम्ही परवा 'किडे पाळणे' म्हणालात, म्हणून आधी ते सांगतो. गोड्या पाण्यातल्या कोळंबीत नर मादीपेक्षा मोठा होतो, त्यामुळे तळेवाल्यांना बीज (म्हणजे तळ्यात सोडायची पिल्ले) हवे ते सगळे नरांचे. निसर्ग काही मागणीप्रमाणे पोरे देत नाही. पण इथे एक गंमत आहे. माणसात मुलगा की मुलगी हे बापाच्या बाजूने ठरते (आणि बोल आईला लावला जातो, यावर माझे मोठे भाषण आहे, ते इथे देत नाही). कोळंबीत ते आईच्या बाजूने ठरते. मादीपण देणारे गुणसूत्र फक्त आईजवळ असते. ताई काय करते, तर कोवळ्या नराच्या मागच्या पायाच्या मुळाशी असलेली इवलीशी ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने काढते. त्यात बरेचसे मरतात. जो जगतो तो मादी होऊन वाढतो, अंडी धरतो, पोरे सांभाळतो. पण मादीपणाचे गुणसूत्र त्याच्याजवळ नाहीच, तेव्हा त्याची झाडून सगळी पोरे नर! आता जन्माने पुरुष आणि माया आईची, अशाला आपल्या भाषेत काय म्हणतात? ताईने त्यांना नाव ठेवले, मामा.

हे नाव तिने मला कधी सांगितले नव्हते. सगळे बिघडले ते इथे.

असे पाच मामा तिच्या झाकणाच्या टाकीत होते. कित्येक चिमट्यांतून वाचलेले पाच. उद्या दुपारी तळेवाल्यांची मंडळी येणार, त्यांच्यासमोर या पाचांची नराशी जुळणी व्हायची. झाली तर ते पुढचे बीज ताईकडून घेणार. नाही तर मोठ्या बीजकेंद्राकडे परत जाणार, आणि ताईची एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात. ती त्याच मंडळींशी बोलायला गावाला गेली आणि तिथून तिने मला फोन केला. आवाज तुटत होता. जेवढे आले तेवढे जसेच्या तसे लिहितो, न्याय तुम्हीच करा:

"मामांना मोठ्या तळ्यात सोडू नकोस. कात टाकायला आलेत. बाकीचे खातील त्यांना. एकटं ठेव, अंधारात. खायला थोडं थोडं दे, पण वेळेवर. आणि डोक्याकडे बघत जा, नारिंगी दिसलं की लगेच कळव."

मामा, तुम्ही रोज सकाळी पोहणारे. आदल्याच दिवशी तुम्ही मोठ्या तळ्याकडे बघून पंचा झटकला होता. 'कात टाकायला आलेत' याचा अर्थ मी असा घेतला की निवृत्तीनंतर माणसाच्या मनात काहीतरी नवे फुटते, आणि ताईच्या ते ध्यानात आले असणार. 'बाकीचे खातील' म्हणजे भेटायला येणारे लोक डोके खातील. यात न कळण्यासारखे काय होते? आपल्या भाषेने वडीलधाऱ्यांना अनेकवचन दिले, कोळंबीला कोणी द्यायला सांगितले होते?

म्हणून खिडक्यांना काळे प्लास्टिक. म्हणून बशीभर मऊ भात, पुन्हा बशीभर मऊ भात. आणि म्हणूनच बॅटरी घेऊन तुमच्या टकलाची तपासणी. तुम्ही विचारलेत, "अरे, डोक्यात काय शोधतोस?" मी खरे तेच सांगितले, "नारिंगी." त्यानंतर तुम्ही मला उद्देशून जे शब्द वापरलेत ते मी विसरलो आहे. (पहिले दोन सोडून.)

आता माझा खरा अपराध. काल दुपारी मी शेडमध्ये फिरताना झाकण उचलले, तर पाच पोक्त माद्या काळोखात, पाच कप्प्यांत, एकमेकींना पारख्या! मी स्वातंत्र्यावर आयुष्य वेचलेला माणूस. मातांना अंधारकोठडी? मला राहवेना. मी जाळी उचलली. पलीकडून हवेच्या पंपाच्या घरघरीतून पाणबुड्या ओरडला, "मामांना बाहेर काढू नका!" मी ओरडलो, "मामा आत झोपलेत! किल्ली माझ्या खिशात आहे!" तो बिचारा निर्धास्त झाला. मी पाचही जणींना मोठ्या तळ्यात सोडले आणि काठावर उभा राहून चार शब्दही बोललो.

आज सकाळी ताई आली. पायरीवरच विचारले, "मामा कसे आहेत?"

"सुखरूप. नारिंगी अजून नाही."

तिच्या चेहऱ्यावर असे समाधान मी लहानपणापासून पाहिले नव्हते. मग तिने झाकण उचलले.

"मामा कुठायत?"

"खोलीत."

"कुठल्या खोलीत?"

"पाहुण्यांच्या."

"पाण्याशिवाय?"

"तांब्या ठेवलाय की."

मामा, ती ओरडली असती तर बरे झाले असते. तिने टाकीतला एकेक रिकामा कप्पा हात घालून चाचपला. मग म्हणाली, "तळं उपसा."

मोठे तळे म्हणजे काय ते तेव्हा कळले, आणि नारिंगी म्हणजे मादीच्या डोक्याच्या कवचातून दिसणारी पिकलेली अंडी, हेही. तिथे सगळे नर, याच मामांची आधीची पोरे. त्यात निळ्या नांग्यांचे दांडगे. ते असले की लहानांची वाढ खुंटते. दांडगे काढले की खालचे भराभर वाढतात. (यावरून मी ताईला नेहमी सांगतो की सगळे जन्मावर नसते, दडपणावरही असते. ती म्हणते, दोन्हीवर असते, आणि तू ज्यांना मोकळं करतोस ते पुढच्या महिन्यात निळे होतात.) कात टाकलेली कोळंबी मेणासारखी मऊ असते. पळता येत नाही, मारता येत नाही. अशीला निळ्यांच्या तळ्यात सोडणे म्हणजे कसायाच्या दारी गाय बांधणे.

पाणी उतरत होते आणि आम्ही तिघे कमरेइतक्या चिखलात. जाळे ओढायचे, एकेक उलटी धरून बघायची, टाकायची. दांडगे एका टोपलीत. बारक्या नांग्यांचे खुरटे नर वरून अगदी मादीसारखे दिसतात, ते एका बादलीत. पहिली मिळाली. दुसरी मिळाली, एक नांगी गेलेली. तिसरी दगडाच्या आड. चौथीने नुकतीच कात टाकलेली. दोन निळे तिच्या अंगावर येत होते आणि ताईने जाळ्याची वाट न बघता सरळ दोन्ही हात घातले. तिची बोटे फाटली. ओंजळ तिने पाण्याबाहेर काढली नाही, तशीच चालत टाकीपर्यंत गेली.

पाचवी मिळाली नाही. तळे पार कोरडे झाले तरी नाही.

त्याच धांदलीत पाणबुड्याने माझ्या खिशातली किल्ली घेऊन तुमचे दार उघडले, आणि तुम्ही बॅग घेऊन, प्रकाशाला हात आडवा धरून, माझ्याकडे न बघता गेलात. मी चिखलातूनच वाकलो होतो. तुम्हाला वाटले असेल मी कोळंबी शोधतोय. दोन्ही करत होतो.

तरी पोटात घालावे. (हा शब्द मी कापतो. माफ करावे, एवढेच.)

तुमचा भाचा

ता. क. – पाणबुड्याने आत्ता तोंड उघडले. तुमचा राग शांत व्हावा म्हणून त्याने गाडी सुटताना बादलीतले थोडे 'बारके नर' पाण्याच्या डब्यात, हवेच्या छोट्या पंपासकट, तुमच्या मांडीवर दिले. त्यातल्या एकाचे पोट मादीसारखे जरा रुंद होते, असे त्याला आता आठवते.

ता. क. २ – मामी सुगरण आहेत हे मी जाहीर सभांतून सांगितले आहे. आज एकच दिवस त्यांनी चूल पेटवू नये. पेटवली असल्यास ताईला काय लिहायचे ते तुम्हीच ठरवा. मला शब्द सुचणार नाहीत, आणि हे माझ्याकडून ऐकण्याची ही पहिलीच वेळ असावी.

ता. क. ३ – पत्र घेऊन पाणबुड्याच येतो आहे, हातात रिकामा डबा घेऊन. घाबरलेला आहे आणि त्याला एवढेच सुचते आहे, तेव्हा तुमच्या फाटकातून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे तो ओरडेल, "मामा जिवंत आहेत का?" रागावू नये. दोघांच्या वतीने उत्तर द्यावे.