कडीचा टाक

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

आलो एकदाचे नगरला! टेम्पोवाल्याने कपाटाचा एक पाय मोडला, तुळशीच्या कुंडीचा काठ उडवला आणि वर दोनदा चहा मागून प्यायला, तरी आज मी कोणावर चिडणार नाही. लग्न झाल्यापासून रविराज इथे कॉट बेसिसवर आणि मी कोपरगावला माहेरी, असाच आमचा संसार चालला होता. लोक विचारायचे, काय गं धनश्री, लग्न झालंय ना नक्की? आता बसा म्हणावं गप्प.

घर नागापूरच्या एमआयडीसीपासून जवळ आहे, दुसऱ्या मजल्यावर. रविराजची कंपनी बाइकवरून चहा गार व्हायच्या आत गाठता येते. पत्त्यात अहिल्यानगर लिहायचं आणि रिक्षावाल्याला नगर सांगायचं, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. आमच्याकडच्या कालव्याच्या हिरवळीपुढे इथली हवा फारच कोरडी. ओठ फुटलेत, पण चष्म्यावर धूळ बसली तरी खिडकीतून डोंगर मस्त दिसतो. समोरच्या दाराची रेश्मा गरम पोहे घेऊन आली. मला शेजार लाभला म्हणायचा.

हॉलची भिंत एवढी मोठी आणि एवढी कोरी आहे की माझे हात नुसते शिवशिवताहेत.

७ जानेवारी, मंगळवार

भिंत निम्मी झाली. मला ते सगळ्यांच्या घरात असतं तसलं प्लास्टिकचं फुलपाखरू नको. जुन्या दाराची कडी किल्ल्या अडकवायला लावली. पितळी घंगाळात मनी प्लांट लावला. कंदिलात छोटा बल्ब बसवून घेतला. ऑनलाइन मागवलेला अडकित्ता मात्र नवाच निघाला, नुसता काळा रंग फासून म्हातारा केलेला. रविराज म्हणाला, घर आहे की म्युझियम, मला पण एका खिळ्याला टांग आता. मी म्हटलं, तेवढा जुना झालास की टांगते. खूप हसलो.

त्याला आई-वडील नाहीत, पाथर्डीकडच्या लंकाबाई आत्यांनीच त्याला वाढवलं. त्यामुळे हे घर त्याच्यासाठीही पहिलंच आहे. त्याला घरी आल्यावर बरं वाटावं, एवढंच माझ्या मनात आहे. बाकी काही नको बाई मला.

१० जानेवारी, शुक्रवार

आज लॉटरी! भांड्यांच्या बाजारात मोड घेणारं एक जुनं दुकान आहे. मोडीच्या ढिगात तांब्या-परातींच्या खाली मला तो सापडला. चांदीचा टाक, तळहाताच्या निम्म्याएवढा. पत्र्यावर ठोकून उठवलेली एक बाई उभी आहे, डोक्यावर पदर, हात जोडलेले. तोंड पार झिजून सपाट झालंय.

आधी मीही दचकले. टाक म्हटला की तो देवघरातलाच, आमच्याही देव्हाऱ्यात खंडोबाचा आहे, आणि कोणाचा देव मी भिंतीला लावणार नाही, एवढी अक्कल मला आहे. पण याला वर कडी आहे. देवाच्या टाकाला कडी कशाला असेल? तो तर पाटावर उभा ठेवतात. म्हणजे हा गळ्यात घालायचा दागिनाच. दुकानदारही म्हणाला, असंल ताई, जुन्या बाया काय काय घालायच्या. त्याने वजनावर देऊन टाकला.

लाल दोऱ्यात ओवला आणि आमच्या लग्नाच्या फोटोखाली खिळा ठोकून टांगला. भिंत कशी उजळली!

१९ जानेवारी, रविवार

हळदीकुंकू झकास झालं. सगळ्या बिल्डिंगच्या बायका आल्या. भिंतीसमोर फोटो काढायची नुसती झुंबड उडाली. काळी साडी नेसले होते, गळा मोकळा मोकळा वाटत होता, म्हणून खिळ्यावरचा टाक काढून मंगळसूत्राखाली घातला. रेश्माने मला हळदीकुंकू लावलं आणि हसत हसत त्या टाकातल्या बाईलाही बोट लावलं. म्हणाली, हिला का उपाशी ठेवायचं. सगळ्या हसल्या.

बायका गेल्यावर टाक काढून पुन्हा खिळ्याला लावला. गळ्याला दोऱ्याचा लाल वळ उठलाय. चांदी आहे की गिलीट, कोण जाणे.

२० जानेवारी, सोमवार

दुपारी रविराजचा कंपनीतून फोन. बाजरीची भाकरी आणि ठेचा डब्यात दिल्याबद्दल कौतुक करत होता, अगदी आत्याच्या हातची चव म्हणे. मी दिली होती चपाती आणि वालाच्या शेंगांची भाजी. मला भाकरी थापता येत नाही, पीठही घरात नाही. म्हटलं, कोणाचा डबा खाल्लास रे? त्याला वाटलं मी नखरे करतेय.

डबा घरी आला तो आमचाच होता. तळाला भाकरीचा तुकडा होता.

२२ जानेवारी, बुधवार

कपाट उघडलं तर माझे ड्रेस खाली कोंबलेले आणि साड्या वरच्या कप्प्यात. घड्या माझ्या नाहीत. लांबट, नऊवारीची घालतात तशा.

रेश्माला सहज विचारलं, माझ्याकडे कोणी आलं होतं का. ती म्हणाली, तुमच्या जाऊबाई आल्या होत्या की परवा, बाजरीचं पीठ मागायला. गावाकडच्या वाटल्या, पण बोलायला गोड. मी म्हटलं, मला जाऊ नाही, रविराज एकुलता एक. रेश्मा गोंधळली. म्हणाली, मग त्या असं कसं म्हणाल्या, मी थोरली म्हणून?

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

रविराजने हळदीकुंकवाचे फोटो आत्यांना पाठवले होते. त्यांनी आज भरदुपारी फोन केला. आधी रडल्याच. मग विचारलं, रविराजचं आधी लगीन झालं हुतं का पोरी, माझ्यापासनं लपवलं का तुमी? मी चक्रावले. नाही हो आत्या, असं का विचारता?

मग त्यांनी सांगितलं. पहिली बायको गेली आणि बाप्याने दुसरी केली, की पहिलीच्या नावाचा टाक करून दुसरीच्या गळ्यात घालतात. तोच कडीचा टाक. हळदीकुंकू आधी तिला, नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, घास आधी तिचा. ती थोरली, आपण धाकटी. एकदा अंगावर घातला की सवाष्ण असेपर्यंत उतरवायचा न्हाई.

मी म्हटलं, पण माझ्या आधी कोणी नव्हतीच. आत्या म्हणाल्या, नव्हती, आता हाय. चार सवाष्णींदेखत तू तिला कुंकू लावून घेतलंस. थोरली म्हणून मान दिलास आन् मग खिळ्याला टांगलीस. असं कुनी करतं व्हय गं?

पुढचा अर्धा तास त्या उपाय सांगत होत्या. दोघांनी जोडीने पैठणला जायचं, तिची ओटी भरायची, लुगडं द्यायचं आणि टाक गोदावरीत सोडायचा. मी एकटीने जाऊन चालणार नाही.

फोन ठेवला आणि भिंतीकडे बघितलं. माझ्या नवऱ्याला दुसरी बायको मीच आणली, आणि तीसुद्धा थोरली.

२५ जानेवारी, शनिवार

दुकानात गेले. टाक कोणी विकला ते दुकानदाराला नीट आठवत होतं. एका म्हातारीने तिथेच उभं राहून गळ्यातून काढून दिला होता. कपाळ पांढरं. म्हणाली, मालक गेलं, आता हिचं-माझं काय ऱ्हायलं, सुटले मी. आणि गळा चोळत चोळत कितीतरी वेळ हसत होती. दुकानदाराला परत घे म्हटलं, तर हात मागे घेतला. विकला म्हणजे विकला, ताई.

रविराजला सगळं सांगितलं. आधी हसला. मी रडायला लागले तेव्हा म्हणाला, बरं बाई, उद्या जाऊ पैठणला.

२६ जानेवारी, रविवार

गेलो नाही.

सकाळी ताट वाढलेलं होतं. बाजरीची भाकरी, लोणी, पिठलं. मी अंघोळीला गेले होते. तो पोटभर जेवला, डोळे मिटून. मग म्हणाला, कशाला जायचं, भिंत किती ओकीबोकी दिसेल. मी म्हटलं, अरे, हे मी नाही केलेलं! तो माझ्याकडे बघून गोड हसला. म्हणाला, मग कोणी केलं, दुसऱ्या बायकोने?

चिडून मी टाक उपटला, पर्समध्ये टाकला आणि एकटीच निघाले. माळीवाड्याच्या स्टँडवर पैठणची गाडी लागलेली होती. तिकिटासाठी पर्स उघडली. टाक नव्हता. माझं मंगळसूत्र होतं. गळ्याला हात लावला, तर गळा रिकामा.

घरी आले. टाक खिळ्यावर होता. दोरा घट्ट गाठ मारून बांधलेला, माझी गाठ नव्हे.

२८ जानेवारी, मंगळवार

टाकाचं तोंड उमटायला लागलंय. आधी सपाट होतं, मी शपथेवर सांगते. आता नाक दिसतं. हनुवटी दिसते. डोळ्यांच्या जागी दोन गोल, मध्ये नाकावरून जोडणारी बारीक रेघ —

चष्मा आहे तो. माझा चष्मा.

आत्यांना फोन लावला. त्यांना माझा आवाज ऐकू जात नव्हता. हॅलो हॅलो करत राहिल्या. मग माझ्या पाठीमागून कोणीतरी म्हणालं, बोला आत्या. आणि आत्या बोलायला लागल्या.

३० जानेवारी, गुरुवार

रेश्मा जिन्यात समोरून आली. बाजूला झाली नाही. मीच भिंतीला चिकटले. तिने वर बघून हात हलवला, माझ्या मागे कोणाला तरी.

रविराज आला, बूट काढले, हाक मारली, धना. मी ओ दिली. त्याने पुन्हा हाक मारली. स्वयंपाकघरातून ओ आली. बांगड्या वाजल्या. तो आत गेला. हसला.

असा कसा ओळखत नाही हा माणूस? माझ्या हाताची भाजी, माझी हाक, माझा — काहीच कसं नाही —

२ फेब्रुवारी, रविवार

भूक लागत नाही. पण ती जेवायला बसायच्या आधी एक घास काढून भिंतीपाशी ठेवते. तेव्हा माझ्या तोंडात चव येते. बाजरी. मीठ.

पेन नीट धरता येत नाही. बोटं जुळून येतात, हात जोडल्यासारखी. सोडवून सोडवून लिहितेय.

परवा आत्या येणार आहेत, रथसप्तमीला. त्याने फोनवर सांगितलेलं ऐकलं. आत्यांना सगळं ठाऊक आहे. त्या मला ओळखतील. ओळखतीलच. तेवढा वेळ टिकायचंय मला.

४ फेब्रुवारी, मंगळवार. रथसप्तमी

आत्या आल्या. मी दारातच उभी होते. त्या माझ्यातून — त्या सरळ आत गेल्या. तिला जवळ घेतलं. किती वाळलीस गं पोरी म्हणाल्या.

तिने माझी काळी साडी नेसलीय. चष्मा नाही. भिंतीवरचा टाक उतरवून गळ्यात घातलाय. आत्यांनी बघितला. आता म्हणतील — आता —

म्हणाल्या, शहाणी हायेस. आता उतरवू नगंस. थोरलीचा मान ठेव, ती तुझं भलं करंल.

मी टेबलाशी आहे. वहीवर ऊन पडलंय. माझी सावली नाही. तिने बोट कुंकवात बुडवलं, टाकाला लावलं. माझ्या कपाळावर ओलं लागलं. थंड. मग हळद —

हात जुळताहेत — एक सोडवून लिहितेय —

आत्या म्हणाल्या, कुंकू लावताना थोरलीचं नाव घ्यायचं असतं. रविराजला विचारताहेत, पहिलीचं नाव काय हुतं रे?

तो थांबला. माझ्याकडे — नाही, टाकाकडे बघतोय. कपाळाला आठी. आठव ना रे. आठव. त्याने तोंड उघडलं. मान हलवली. आठवत न्हाई म्हणाला, तिच्यासारखं, न्हाई —

रविराज, मी इथे आहे, माझं नाव धन