काठोकाठ चहा

ताश्कंद, जून अखेर

प्रिय हेमलता हिला शरयूचा सप्रेम नमस्कार,

तुझा गुडघा कसा आहे? (विचारते आहे खरी, पण उत्तर एका ओळीत दे. मागच्या वेळी गुडघ्याने चार पानं खाल्ली.) भाऊजी मास्क नाकावर लावतात की अजून हनुवटीवरच? माझी तब्येत उत्तम आहे. फक्त झोप नाही, भूक नाही आणि छातीत सारखं धडधडतं. त्याला कारण तू आहेस, ते पुढे येईलच. टपाल बंद आहे, म्हणून या कागदांचे फोटो काढून पाठवते. चष्मा लावून वाच.

माझ्या लेकाचं, सरवरचं, लग्न मार्चमध्ये झालं हे तुला ठाऊक आहे. तीनशे माणसांचा पुलाव ठरला होता. ऐन वेळी समारंभांवर बंदी आली आणि निकाह आमच्या दिवाणखान्यात लागला, मुल्ला, साक्षीदार आणि माझं शिलाई मशीन यांच्या उपस्थितीत. मग शहर बंद झालं आणि या एवढ्याशा घरात नवरा, नवरी आणि मी असे तिघं कोंडले गेलो. निजायची खोली मी त्यांना दिली आणि दिवाणखान्यात फैझुल्लाच्या पुस्तकांच्या कपाटाखाली अंथरूण टाकलं. (कपाट भिंतीला नीट ठोकलेलं नाही. फैझुल्ला जाताना हे काम अर्धं टाकून गेला.) दुसऱ्याचं सुख एका विधवेने किती जवळून बघावं याला काही मर्यादा असते, हेमे. आमच्यामध्ये एक पातळ भिंत होती.

पहिलं म्हणजे ही मुनिसा पहाटे उठून झाडते. नव्या सुनेने अंगण झाडायचं ही इथली रीत, आणि आम्हाला अंगण नाही, म्हणून ती चारही मजल्यांचा जिना झाडायची. मग छातीवर हात ठेवून मला तीनदा वाकून सलाम. तुला कॉन्व्हेंटचं आठवतच असेल, समोर कुणी वाकलं की आपले गुडघे आपोआप वाकतात. मी वाकले की तिला पुन्हा वाकावं लागतं, कारण सासू खाली आणि सून सरळ उभी, हे कसं चालेल? एकदा चहा निवेपर्यंत आमचं हे चाललं होतं आणि सरवर दारात उभा राहून पोट धरून हसत होता. शेवटी मीच खुर्चीत बसून तो सोहळा संपवला.

आणि सरवर! ज्या मुलाने जन्मात स्वतःचा पेला उचलला नाही, तो आता बायकोबरोबर भांडी घासतो. तीन ताटल्यांना तासभर. एवढा वेळ काय करतात म्हणून मी पाणी प्यायच्या निमित्ताने डोकावले, तर ताटली घासून पुसून झाली होती आणि ती दोघं तिच्यात तोंडं बघत होती. घरात पियाले ढिगाने असताना बाल्कनीत एकाच पियाल्यातून चहा पितात. मी दुसरा नेऊन ठेवला, तर त्यात तुळशीचं रोप लावलं. जर्दाळूचा मुरंबा केला, तो लागला, तर लागलेला भागच चमच्याने खरवडून खाल्ला आणि मलाही वाटीत आणून दिला. (चांगला होता. पण तो मुद्दा नाही.) मागच्या आठवड्यात तर तिने माझ्या कापड कापायच्या कात्रीने त्याचे केस कापले. कान शाबूत आहेत एवढंच. फैझुल्लाने मला कधी केसांना हात लावू दिला नाही; त्याला माझी भीती वाटायची.

त्या कात्रीवरून मी रागात होते आणि नेमका तेव्हाच तुझा फोन आला. तू मला पुदिना घालून चहा कसा करायचा ते ऐकवत होतीस. मी एकीकडे तुला हं हं करत होते, दुसरीकडे मुनिसाचा पियाला भरत होते. मराठी बोलायला लागले की माझा हातही मराठी होतो. बेळगावात आपण अर्धा कप कुणाला दिला असता, तर तुझ्या आईने पाहुण्यांदेखत धपाटा घातला असता. मी काठोकाठ भरला. पोरीने पियाल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, एक थेंब न सांडता सगळा प्यायली आणि पियाला विसळून जागेवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सरवर म्हणाला, "आई, मुनिसाच्या मामांचं सेर्गेलीतलं घर रिकामं आहे. पुढच्या आठवड्यात जायचं म्हणतो."

"उत्तम," मी म्हणाले. "तरुणांनी वेगळंच राहावं."

असं का म्हणाले? कारण सिस्टर बेनेडिक्टाने आपल्याला रडायच्या आधी मान ताठ करायला शिकवलं. आता ती मान खाली येत नाही. खरं कारण मला जिन्यात समजलं, समोरच्या मुअत्तर ओपाकडून (ओपा म्हणजे ताई). मुनिसा तिच्याशी बोलली होती. मी म्हटलं, मी फक्त चहा दिला गं.

"वरपर्यंत भरलास?" ओपा म्हणाली. "मग दारच दाखवलंस की पोरीला. पी आणि नीघ. इतकी वर्षं आमच्यात राहिलीस शरयू, आणि चहा अजून गावंढळासारखा ओततेस. मुळात सून घरात असताना किटली तुझ्या हातात कशाला?"

मी तिला म्हटलं, माझी किटली आहे. पण घरी येऊन बसले ती उठवेना.

तू म्हणशील, जाऊन सांग त्यांना. काय सांगू? की जा म्हणायचं नव्हतं? म्हणजे राहा म्हणायचं होतं, असा अर्थ होतो. लग्नाआधी सगळ्यांसमोर मी मोठ्या तोंडाने सांगितलंय की मला सुनेकडून सेवा नको, मी स्वतंत्र बाई आहे. बरं, मला काळजी माझी नाहीच. मामांचं घर म्हणजे नववा मजला. लिफ्ट मनात आलं तर चालते. बाल्कनीचा कठडा कमरेपर्यंत, आणि ही दोघं कठड्यापाशी उभी राहून खाली बघत नाहीत, एकमेकांकडे बघतात. गॅस चालू ठेवून गप्पा मारतात. पुन्हा सगळं बंद झालं आणि एकाला ताप आला, तर दुसरा थर्मामीटर शोधणार की हात धरून बसणार? हात धरून बसणार, लिहून ठेव.

सामान बांधायला घेतलंय. दोघं एकच खोकं बांधतात आणि मध्येच त्यावर बसून जर्दाळू खातात, म्हणून अजून वेळ आहे. जाऊ देत. मला शांतता मिळेल. रेडिओ ऐकेन. भाऊजींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

तुझी,
शरयू

ता. क. एक काम कर. आता चातुर्मास लागतोय. तुझ्या सुवाच्य अक्षरात इंग्रजीतून एक पत्र लिही (मुनिसाला इंग्रजी येतं, सरवरला येतंसं वाटतं) की नवऱ्यामुलाची आई बेळगावकडची असेल, तर नव्या जोडप्याने चातुर्मासात घर बदलायचं नसतं. बदललं तर फार वाईट होतं. काय होतं ते लिहू नकोस, मुनिसाला घाबरवायचं नाही. असा नियम नाही हे मलाही माहीत आहे. पण फोन तुझा होता.

ता. क. २. पत्र पाठवणार इतक्यात मुनिसा टेप घेऊन आली आणि माझी उंची मोजू लागली. म्हणाली, "ओयी-जान, खिडकीजवळचा पलंग तुम्हाला पुरेल ना? तुमच्या खोलीला पडदे पिवळे शिवू का?" काठोकाठ चहा बघून तिला वाटलं, घरही असंच भरून गेलंय, आपल्याला जागा पुरत नाही, हेच सासू सांगते आहे. म्हणून मामांकडे तीन खोल्यांचं घर मागितलं. गेले आठ दिवस दोघं माझ्यासकट निघाली आहेत आणि मला कुणी विचारलेलं नाही. नववा मजला, हेमे. हे कपाट, मुअत्तर ओपा, माझी किटली, सगळं सोडून. मी मान ताठ करून म्हणाले, पिवळे चालतील.

तेव्हा पत्र लवकर पाठव, आणि त्या नियमात सासूलाही घाल.