लुमाच्या मुलाचे नाव

मी, कालिंदी गंगाधर कोठारे, वय बहात्तर, राहणार खोताची वाडी, गिरगाव, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, राजीखुशीने लिहिते. डोळे अधू आहेत, बुद्धी शाबूत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट मुलगा म्हणतो, "आई, हे आत्ताच कशाला?"

एक. वाडीतले घर माझ्या नावावर आहे. ते मुलगा गुरुदत्त यास. पुढे जे मागते आहे ती अट नव्हे.

दोन. पोस्टातील शिल्लक, पाटल्या आणि शिवणाचे यंत्र सून शकू हिला. यंत्राचा पट्टा सैल आहे, जपून चालवावे.

तीन. सागवानी पाळणा विकू नये. माझे यजमान रे रोडच्या लाकडाच्या वखारीत कारकून होते. कंपनीने त्यांना ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर, जंगल तोडून वसवलेल्या वस्तीत पाठवले. गुरू तिथे जन्मला. हिवतापाने माणसे जात. ओले लाकूड पेटत नसे, म्हणून आपल्या माणसांनाही पुरावे लागे. माझे दूध आटले. डोंगरावरच्या गावातली लुमा एका अंगाला स्वतःचा मुलगा आणि दुसऱ्या अंगाला गुरू घेऊन बसे. पाळणा तिच्या नवऱ्याने केला.

त्यांच्यात मूल चालू लागले की नाव ठेवत. लुमाचा मुलगा आमच्या ओट्यावर चालला. गुरू पाळण्याला धरून उभा होता, त्याच्याकडे. लुमा हसत बारशाचे बोलावणे करून गेली.

दुसऱ्या दिवशी डोंगरावर ढोल वाजू लागले. त्याच आठवड्यात कंपनीचे दोन लाकूडतोडे जंगलात मेलेले सापडले होते. वस्तीवरच्या गोऱ्या साहेबाने बंदुका काढल्या. दीर मनमोहन साहेबाचे दुभाषे होते. मी त्यांना म्हटले, "भावजी, बारसं आहे हो ते. सांगा ना साहेबाला."

"बारशाला इतके ढोल? वहिनी, तुम्ही आत जा."

पहाटेपर्यंत गाव उरले नाही. नाव ठेवून झाले होते की नव्हते, हे सांगायलाही कोणी उरले नाही. साहेब त्याला चकमक म्हणाला. पुढे वस्तीही ओस पडली.

चार. दीर मनमोहन यांना काही देत नाही. त्या गावचा एक ढोल दादरला त्यांच्या दिवाणखान्यात टांगलेला आहे. पाहुणे त्यावर थाप मारून बघतात. तो उतरवावा.

पाच. सर्वपित्रीला मी लुमासाठी पान वाढत आले. गुरू, यंदा तू म्हणालास, "ती आपली कोण, आई? तिचं गोत्र तरी ठाऊक आहे का?" ज्याचे गोत्र ठाऊक नाही त्याला काश्यप म्हणतात. भटजींना विचार. आपलेही काश्यपच.

संयुक्त महाराष्ट्रासाठी फाउंटनला जे गोळ्या लागून पडले त्यांची नावे तू वाडीच्या तोंडाशी फळ्यावर लिहिलीस. त्यात आपल्या नात्यातले कोणी नव्हते. तरी एकेक नाव तू पुन्हा गिरवलेस. मी खिडकीतून पाहिले.

माझ्यामागे तर्पण तू करशील. आधी लुमाचे नाव घे, मग माझे. तिच्या मुलाला पाणी देताना भटजी नाव विचारतील. मला ते ठाऊक नाही. ते तू ठेव. त्याची पहिली पावले तुझ्याकडे आली होती.

कालिंदी गंगाधर कोठारे
गिरगाव, मुंबई. ८ डिसेंबर १९५७

आमच्यासमक्ष सही केली:
कमलाकांत विजयकर, शेजारी
सुमती तळपदे, शेजारीण