हिरव्या खुणेचं पाकीट

प्रिय आक्का,

फोनवर घसा बसलाय म्हणाले ते खोटं होतं. बोलवतच नव्हतं. चौथीपर्यंतची शाळा आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, जमेल तसं लाव. आणि तुझ्या सूनबाईला जवळ बसवून वाच.

माझं काम तेच, कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये बटाटे सोलायचे. शेजारच्या ओट्यावर मांस कापतात. मी नाक मुरडलं की मोठी आचारीण डोक्यावर दोन बोटं धरून मला गाय म्हणते. म्हणेना का! मी काही जन्माची शाकाहारी नाही, हे तिला कोणत्या भाषेत सांगू? मासळीवालीनं हाक मारायच्या आधी आपण दोघी टोपली घेऊन दारात. माझं लेकरू चार वर्षांचं असताना तापानं फणफणलं, डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात मी देवीला बोलले, हा वाचू दे, मटण-मासळी-अंडी सगळं सुटलं. तू कशाला मध्ये पडलीस? माझ्या हातावर हात ठेवून म्हणालीस, "माझंही सुटलं." चोवीस वर्षं पाळलंस. भाऊजी समोर बसून रस्सा ओरपायचे, तरी पाळलंस.

इथली अक्षरं मला मुंग्यांसारखी. मेल्या बिस्किटातसुद्धा चरबी घालतात! म्हणून दर रविवारी सामान आणलं की माझा लेक प्रत्येक पाकिटाची पाठ वाचत बसायचा आणि चालणाऱ्या पाकिटावर हिरव्या पेनानं खूण करायचा. "आई, हिरवं दिसलं की बिनधास्त खा." मी तेवढंच खायचे.

एकदा थंडीनं बोटं वळेनात, तर आचारिणीनं वाटी हातात दिली. पिवळं, गरम. मला वाटलं वरणच. प्यायले आणि वर वाटी पुढे केली. दुसऱ्या दिवशी पातेल्यात हाडं उकळताना बघितली. घरी येऊन रडले, दोन दिवस उपास धरला. तो हसत सुटला. म्हणाला, "तुझ्या देवीला इथला व्हिसा नाही गं, तिला कोण सांगतंय?" आक्का, मीही हसले.

त्यानंतर बाराव्या दिवशी सकाळी कामावर जाताना त्याला ट्रकनं उडवलं. जागीच गेलं गं आपलं लेकरू. आज पंधरा दिवस झाले. तुझ्या छातीच्या दुखण्यामुळे सूनबाईला मीच गप्प बसवलं होतं, तिच्यावर चिडू नकोस. पोलीस म्हणतात, ट्रकवाल्याची चूक. मला ती वाटी दिसते. फडताळात हिरव्या खुणेचं एकच पाकीट उरलंय, ते मी फोडत नाही. काल अंडं उकडलं, सोललं. म्हटलं, आता कोणासाठी पाळायचं? तोंडाशी नेलं आणि हात अडला. खाल्लं तर तो गेला हे मीच कबूल केल्यासारखं होईल. ते मला जमायचं नाही. पण तुला का अडकवून ठेवू? तू शब्द राखलास, मोडला तो मी. हे फोनवर सांगवत नव्हतं, म्हणून लिहिलं. रडून झालं की डोळे पूस, आणि मासळीवाली आली की टोपली घेऊन दारात जा. तू मोकळी आहेस.

तुझीच,
त्या जिन्यातली धाकटी