दुर्बिणीतलं पोट

सोमवार, ३
नवी नोकरी, नवं गाव आणि खोली थेट ऑपरेशन थिएटरच्या वरच्या मजल्यावर. आता उशीर व्हायला सबबच उरली नाही, असं नवऱ्याला फोनवर सांगितलं, तर म्हणाला, तू ती शोधून काढशीलच. इथे बायकांच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया होतात. बेंबीपाशी लहानसं छिद्र, पोटात गॅस भरायचा, दुर्बीण आत सोडायची आणि पडद्यावर बघत काम करायचं. दुर्बीण धरणारी मी. आधी ती गॉजच्या पांढऱ्या कापडासमोर धरून रंग जुळवावे लागतात. आज गॉज हाताशी नव्हता, म्हणून गंमत म्हणून ती माझ्याच पांढऱ्या गाऊनवर, पोटापाशी धरली. सगळे हसले. थोरल्या सिस्टर मात्र हसल्या नाहीत. इथली दुर्बीण आपल्या अंगावर रोखायची नसते म्हणाल्या. कारण विचारलं, तर कात्र्या मोजत बसल्या.
पहिल्या बाईच्या अंडाशयावरची गाठ पडद्यावर दिसलीच नाही. डॉक्टरबाईंनी चारी बाजूंनी पाहिलं आणि टाके घातले.

बुधवार, ५
परवापासून खांदा दुखतोय. पोटात गॅस भरलेल्या बायकांचा असाच दुखतो, म्हणून सगळ्यांनी माझी फिरकी घेतली. परवाच्या बाईची सोनोग्राफी केली, गाठ होती तिथेच आहे. आजच्या बाईचं आतडं एका जुन्या व्रणाला चिकटलेलं दिसलं. हिचं अपेंडिक्स काढलेलं दिसतंय, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. तिच्या पोटावर एकही खूण नाही. माझ्या आहे, सातवीत अपेंडिक्स काढलं त्याची. डॉक्टरबाईंनी कात्री लावली आणि माझ्या पोटात अशी कळ आली की उभ्या उभ्या घाम फुटला. दुर्बीण मात्र हलू दिली नाही.

शुक्रवार, ७
आंघोळ करताना बेंबीत टाका दिसला. घातलाय कुणी?
आजच्या बाईचं गर्भाशय पडद्यावर फुगलेलं, निळसर. गरोदर असल्यासारखं. तिची गरोदरपणाची तपासणी तर कोरी, एकच रेघ. दुपारी मी माझी तपासणी केली. दोन रेघा. पाच वर्षं वाट पाहिली याची. नवऱ्याला फोन करून ढसाढसा रडले. तो बिचारा आनंदाने रडतेय समजला.

शनिवार, ८
सोमवारच्या यादीत एकच बाई. गर्भपिशवी काढायची. गाठींनी सुजलेली आहे. म्हणजे पडद्यावर सुजलेली दिसली तरी कुणी थांबणार नाही.
थोरल्या सिस्टरांचे पाय धरले. त्यांना नवल वाटलं नाही. गाऊन वर करून पोटावरचे तीन व्रण दाखवले. "माझं ऑपरेशन कधीच झालं नाही, बाळा," म्हणाल्या. त्यांना मूलबाळ नाही.

रविवार, ९
दुर्बीण फोडायला गेले. पकडलं. डॉक्टरबाई मायेने बोलल्या, थकवा आहे, झोप. इंजेक्शन दिलं. फोन काढून घेतला. दाराला बाहेरून कडी.

सोमवार, १०
जाग आली तर नऊ. खाली स्ट्रेचरची चाकं —
ओरडले. दार बडवलं. कुणीच —

पोट फुगतंय. खांदा —

बेंबीतून उजेड येतोय. आतून. आली ती. वळली — शोधतेय —
बाळा, मागे सरक, मागे —